सरकारी ऑफिसातली माहिती पेपरवाल्याला दिली तर नाव खरंच गुप्त राहतं का?

मांडवीपलीकडे
नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, घरातल्याच एकीचा आहे, ती सरकारी नोकरीत आहे (खातं, तालुका वगैरे आधी लिहिलेलं, खाली एकाने झापलं म्हणून काढलंय). तिच्या टेबलावरून एक फाइल गेली, खाजन शेतात (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) मातीचा भराव टाकून पुढे बांधकाम करायचं असलं प्रकरण. नोटिंगच्या एका पानावर तेव्हाच्या साहेबांनी स्पष्ट लिहिलं होतं की जागेची पाहणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. फाइल वर जाऊन परत आली तर ते पानच गायब, त्याजागी दुसरं पान, सगळं गोड गोड. जुन्या पानाचा फोटो हिच्या मोबाइलमध्ये आहे, कामासाठी म्हणून काढून ठेवला होता. आता हिला वाटतं की हे पेपरात आलं पाहिजे, पण नोकरी पर्मनंट आणि डोक्यावर लोन, त्यामुळे घाबरते. मला विचारते की पत्रकार नाव सांगत नाहीत म्हणतात ते खरं का, आणि पोलिसांनी किंवा कोर्टाने विचारलं तर? आणि नाव लपवतात म्हणजे नेमकं करतात काय, नुसतं 'सूत्रांनी सांगितले' लिहिलं की झालं? आपल्याकडे कोण कोणाचा भाचा हे अख्ख्या गोव्याला ठाऊक. प्लीज सिरियस उत्तरं द्या.

तिंटोवाला
अरे बाबा पहिलं ते पोस्ट एडिट कर!! तालुका लिहिलास, खातं लिहिलंस, नवरा बोटीवर आहे तेपण लिहिलंस. त्या तालुक्यात त्या खात्याचं ऑफिस एकच, त्यात बायका किती आणि त्यातल्या कोणाचा नवरा तारवटी, संध्याकाळपर्यंत तिंट्यावर (गावच्या नाक्यावर) नाव निघेल. पेपरवाल्याकडे जायची गरजच नाय.

मांडवीपलीकडे
केलं एडिट. थँक्स.

रिटायर्ड_डेस्क
तिंटोवाल्याने मस्करीत लिहिलं पण मुद्दा तोच आहे. मी आधी तालुका वार्ताहर होतो, मग पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. लोकांना वाटतं नाव छापलं नाही की माणूस सुटला. नाव तर कोणी छापतच नाही हो. माणूस सापडतो तो 'ही गोष्ट माहीत असणारे किती' या हिशोबाने. बातमी आली की दुसऱ्या दिवशी साहेब पेपर टेबलावर पसरून हाच हिशोब करतो, कोणाकोणाच्या हातातून गेलं होतं हे. चाळीस जणांना माहीत असेल तर वैतागून गप्प बसतो. तिघाचौघांना माहीत असेल तर जेवणाच्या सुट्टीआधी निकाल.

त्यामुळे जरा मुरलेला रिपोर्टर कागद हातात घेतल्यावर आधी विचारतो की हे आणखी कोणी कोणी बघितलंय. आणि कागद जसाच्या तसा छापत नाही. आमच्याकडे एकदा झेरॉक्स आल्या होत्या, प्रत्येक पानावर उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत बारीक काळी रेघ. मशिनच्या काचेवर चरा पडला की अशी रेघ उमटते, आणि त्या ऑफिसात रोज त्याच मशिनवर कागद काढणाऱ्याला ती रेघ लांबून ओळखता येते. तसंच फोटोत टेबलाची सनमायका, फाइलीची लाल नाडी, कडेला आलेलं अंगठ्याचं नख, सगळं बोलतं. आम्ही मजकूर टाइप करून घेतला, तोसुद्धा शब्दाला शब्द नाही, कारण मोठ्या ऑफिसांत मुद्दाम प्रत्येकाच्या प्रतीत एखादा शब्द किंवा स्वल्पविराम वेगळा ठेवतात आणि मग पेपरात कुठला आला त्यावरून कोणाची प्रत फुटली ते कळतं.

बोलणं छापायचं झालं तरी तेच. बार्देसचा माणूस आणि अंत्रुजेचा (फोंड्याकडचा) माणूस एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतो, आणि मराठीत आणली तरी लकब राहते. ती घासून काढायची, तेवढी मजा जाते बातमीतली पण इलाज नाही. खात्याची प्रतिक्रिया घ्यायला फोन करताना तर जिभेवर फार ताबा लागतो, 'तुमच्या फाइलीतलं अमुक नंबरचं पान' असं तोंडातून निघालं की संपलं, 'तिथे भराव चाललाय, पाहणी झाली का' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. वेळ पण बघावी लागते, माणूस रजेवर गेला किंवा बदली झाली आणि त्याच आठवड्यात बातमी आली तर दोन अधिक दोन कोणीही करतो, म्हणून तयार बातमी महिनाभर दाबून ठेवलेली मी बघितली आहे आणि मधल्या काळात दुसऱ्या पेपरने ती छापून टाकल्याचंपण बघितलंय.

वकील_मडगाव
कायद्याच्या बाजूने फार आशा ठेवू नका. वकील आणि अशील, नवरा आणि बायको यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे, पत्रकार आणि त्याला माहिती देणारा यांच्यातल्या बोलण्याला नाही. १८७२ च्या जुन्या कायद्यात नव्हतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यातही घातलं नाही. विधी आयोगाने १९८३ मध्ये ९३ वा अहवाल याच विषयावर दिला होता, तरतूद घाला म्हणून, तो तसाच पडून राहिला. प्रेस कौन्सिल ॲक्ट १९७८ चं कलम १५(२) सगळे पत्रकार छातीठोकपणे सांगतात की आमच्यावर सूत्र उघड करायची सक्ती नाही, पण ते फक्त प्रेस कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं आहे. पोलीस आणि कोर्टाला ते लागू नाही.

दुसरी बाजू पण सांगते. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात म्हटलं की पत्रकाराच्या सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची एक मूलभूत अट आहे. ऐकायला फार छान. पण जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या एका सीबीआय कोर्टाने सांगितलं की तपास यंत्रणेला सूत्र न सांगण्याची कायदेशीर सूट भारतात पत्रकारांना नाही. म्हणजे शेवटी रिपोर्टर किती ताणून धरतो आणि त्याच्यामागे त्याचा पेपर वकील उभा करतो का यावर सगळं. पोलीस बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ९४ खाली कागद किंवा फोन हजर करा अशी नोटीस देऊ शकतात. आणि नोटीस आल्यावर घाईघाईने डिलीट करत बसलात तर पुरावा नष्ट केल्याचं वेगळं लागतं, तेव्हा मुळात साठवूनच ठेवायचं नाही ही सवय आधीपासून हवी.

तुमच्या घरातल्या बाईंनी पत्रकारापेक्षा जास्त काळजी स्वतःची करायला हवी. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचेच सीसीएस (केंद्रीय नागरी सेवा) आचरण नियम लागू आहेत, १९६४ चे, परवानगीशिवाय सरकारी कागद बाहेर दिला तर खात्याअंतर्गत चौकशी लागू शकते. व्हिसलब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा, २०१४ मध्ये पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि अजून अमलात आणलेला नाही. सत्येंद्र दुबे आठवतात का? हायवेच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, तरी ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्यांचा खून झाला. खुनाच्या खटल्यात चोरीच्या उद्देशाने झाला असं आलं, पण नाव फिरलं ते फिरलंच. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव केला, बंद लखोट्यात केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करायची, नाव आत, लखोट्यावर नाही. पण ती सोय केंद्र सरकारच्या कारभारापुरती, गोव्याच्या खात्याला तिचा उपयोग नाही.

तिंटोवाला
कायदा सोडा हो वकीलबाय, पेपरांचं काय ते बोला. पहिल्या पानावर बिल्डरची फुल पेज जाहिरात आणि आतल्या पानावर त्याच्याच भरावाची बातमी, असं तुम्ही कधी बघितलंत? आणि ते 'सूत्रांनी सांगितले' तर मला वाचवतच नाय आता. दर चवथीआधी मंत्रिमंडळात फेरबदल, सूत्रांनी सांगितले. ते सूत्र म्हणजे ज्याला मंत्री व्हायचंय तो स्वतः!

रिटायर्ड_डेस्क
हसलो, पण खोटं नाही. नाव न छापण्याचा शब्द ज्याला देतोय त्याला त्याची गरज आहे का हे बघायलाच पाहिजे. नोकरी जाईल, मार बसेल म्हणून नाव झाकणं वेगळं आणि दुसऱ्यावर चिखल उडवून आपण नामानिराळं राहायला म्हणून झाकणं वेगळं. दुसऱ्याला आम्ही सांगायचो, नावानिशी बोल नाहीतर राहू दे. आणि म्हणूनच माझं मत, नाव रिपोर्टरला आणि संपादकाला, दोघांनाही माहीत पाहिजे. एकट्या रिपोर्टरवर सोडलं की सूत्र आहे की कल्पनाशक्ती हे कोण बघणार.

पेडण्याची_पोर
इथे मी असहमत, सर. मी सध्या एका पोर्टलला काम करते. मी संपादकांना हुद्दा सांगते, त्या माणसाला ही गोष्ट कशी कळली ते सांगते, मी आणखी कुठून खात्री केली ते सांगते, नाव सांगत नाही. जितकी डोकी कमी तितकं बरं. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात पण वॉशिंग्टन पोस्टच्या बेन ब्रॅडली या संपादकाला 'डीप थ्रोट' या टोपणनावाचं सूत्र कुठल्या पदावरचं ते ठाऊक होतं, नाव त्यांनी निक्सनच्या राजीनाम्यानंतर विचारलं. ते सूत्र म्हणजे मार्क फेल्ट, तो २००५ मध्ये स्वतः पुढे येईपर्यंत तीस वर्षांहून जास्त काळ त्या पेपरवाल्यांनी तोंड उघडलं नाही.

आणि उलटं पण झालंय, संपादकानेच घात केलेला. अमेरिकेत मिनेसोटात १९८२ ला डॅन कोहेन नावाच्या माणसाने निवडणुकीच्या तोंडावर रिपोर्टरांना कागद दिले, नाव येणार नाही असा शब्द घेऊन. दोन पेपरांच्या संपादकांनी रिपोर्टरांचं न ऐकता नाव छापलं आणि त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९९१ मध्ये कोर्टाने म्हटलं की दिलेला शब्द मोडल्याबद्दल पेपरावर दावा लावता येतो. तेव्हा तुमच्या ताईंनी रिपोर्टरला सरळ विचारावं, हा शब्द फक्त तुझा की तुझ्या पेपरचापण? आणि हे बोलायच्या आधी ठरवायचं. सगळं सांगून झाल्यावर 'हे ऑफ द रेकॉर्ड हां' म्हणण्यात काही अर्थ नाही, ऐकणाऱ्याने काहीच कबूल केलेलं नसतं.

रिटायर्ड_डेस्क
हुद्दा सांगितलास म्हणजे आपल्या गोव्यात नाव सांगितल्यासारखंच गं बाय. पण ठीक आहे, तुमच्या पिढीचं तुम्ही बघा.

सायबर_बाब
मोबाइलवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्हॉट्सॲपचा मेसेज वाटेत कोणी वाचू शकत नाही ते खरं, पण कोणी कोणाला कधी फोन केला, एसएमएस केला याचे रेकॉर्ड टेलिकॉम कंपन्यांना दोन वर्षं ठेवावे लागतात, आणि सिम आपल्या नावावर केवायसी करून घेतलेलं. बातमीच्या आदल्या आठवड्यात एका क्लार्कचे एका रिपोर्टरला सात कॉल, मजकूर काय होता ते कळायची गरजच नाही. म्हणून पहिली भेट फोनवर नको. लग्नात, जत्रेत, फेस्ताला गाठ पडली तर कोणाच्या लक्षातपण राहत नाही, आणि फोन घरी ठेवून गेलात तर उत्तमच.

फोटोच्या फाइलमध्ये फोनचं मॉडेल, तारीख वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागापण लिहिलेली असते. २०१२ मध्ये अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी फरार असताना एका मासिकाच्या पत्रकारांनी त्याच्यासोबतचा फोटो टाकला आणि फोटोतल्या जीपीएसवरून तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. म्हणजे लपलेल्याला त्याच्याच पाहुण्यांनी दाखवून दिला. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळी तशीच जाते, आणि लोक क्लिअर दिसावं म्हणून नेमकं डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतात.

आता अमेरिकेतली २०१७ ची रिॲलिटी विनर नावाच्या बाईची केस. तिने गुप्त अहवाल प्रिंट करून एका वेबसाइटला पोस्टाने पाठवला. खरा आहे का विचारायला त्या पत्रकारांनी त्याची प्रत सरकारलाच दाखवली. त्यात पानांवर घडीच्या खुणा, म्हणजे कोणीतरी छापून बाहेर नेलाय. प्रिंट कोणी काढली याची नोंद बघितली तर फक्त सहा जण, त्यातल्या एकीने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्या वेबसाइटला ईमेल केलेला. झालं. पाच वर्षं तीन महिने शिक्षा. रिटायर्ड सरांनी जो हिशोब सांगितला ना, किती जणांना माहीत, तो तिथे मशिनने करून दिला. आपल्याकडेपण जिथे फाइली ऑनलाइन गेल्यात तिथे कोणी कधी उघडली त्याची नोंद राहते, त्यामुळे त्या फाइलीवर आता 'एकदा बघू' म्हणून परत क्लिक करू नका म्हणावं.

सिग्नल ॲप बरं, मेसेज ठरावीक वेळाने आपोआप जातात आणि २०२४ पासून समोरच्याला नंबर न दाखवता युजरनेमवर बोलता येतं. पण एवढं सगळं करून त्या फोटोचा बॅकअप गूगल फोटोजमध्ये असेल आणि तेच जीमेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लॉगिन असेल तर माझा दोन्ही हातांनी नमस्कार.

मांडवीपलीकडे
बापरे. जीमेलचं तिला लगेच विचारतो. बाकी तिच्याशी बोललो. जुनं पान बघितलेले म्हणजे ते तेव्हाचे साहेब, ते आता रिटायर झाले, मग ती, आणि वर ज्यांच्याकडे फाइल गेली ते. फाइल नेणारा शिपाई पण धरला तरी चौघंच. एक शंका, इथे सगळे सांगतात आरटीआय टाका, पण आरटीआयमध्ये नवीन पानच मिळणार ना? जुनं तर फाइलीत नाहीच.

रिटायर्ड_डेस्क
बरोबर, मिळणार नाही. आणि चौघंच असतील तर ते पान छापायचंच नाही, विषय संपला. रिपोर्टरला फक्त वाचायला दाखवायचं, फोटो द्यायचासुद्धा नाही. त्याला तेवढ्याने कळतं की कुठे खणायचं, पुढचं त्याने स्वतःच्या पायाने उभं करायचं, असं की हिचा कागद काढून घेतला तरी बातमी पडता नये.

कसं ते सांगतो. भराव काय टेबलाखाली लपलेला नाही, रस्त्यावरून दिसतो. जागेवर जायचं, ट्रक किती येतात ते बघायचं, मानशीची (खाडीचं पाणी आतबाहेर सोडणाऱ्या झडपांची) दारं चालू आहेत की बुजवलीत ते बघायचं, बांधाकडे जाणारं पाणी कुठे अडलंय ते शेतकऱ्यांना विचारायचं, ते नावानिशी बोलतात कारण त्यांचं शेत बुडतंय. गूगल अर्थवर जुन्या तारखांच्या इमेज मिळतात, भराव कधी सुरू झाला ते वरून दिसतं. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे, तो काढायचा. मग आरटीआय, पण जुन्या पानासाठी नाही. पाहणी अहवालाची प्रत मागायची. पाहणी झालीच नसेल तर 'अभिलेखात उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर येतं आणि पहिल्या पानासाठी ते एक वाक्य बस्स आहे. सोबत आवक जावक रजिस्टर मागायचं, आणि फाइल प्रत्यक्ष बघायचा अर्ज करायचा, आरटीआयमध्ये तोही हक्क आहे. बदललेलं पान डोळ्यांनी बघितलं तर पुष्कळदा कळतं, बाकीची पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, नाडीचं भोक रुंद झालेलं, आणि हे एक कोरं करकरीत.

अर्ज एकाच सर्व्हे नंबरचा टाकू नका. त्या भागातल्या सगळ्या भरावांचा मागा, म्हणजे बोट एका फाइलीकडे जात नाही. १० रुपये फी, ३० दिवस. आणि तू टाकायचा नाहीस. तुझं आडनाव काय आणि तू कोणाचा कोण हे त्या ऑफिसात कोणालातरी माहीत असणारच.

तिंटोवाला
पण मग जो अर्ज टाकेल त्याचं नाव बिल्डरकडे दुसऱ्या दिवशी पोचतं त्याचं काय?

वकील_मडगाव
पोचतं, म्हणून ज्याचं नाव आधीच उघड आहे त्याने टाकावा. ग्रामसभेत या भरावावर कोणीतरी उठून बोललं असेलच, इतिवृत्तात नाव असेल. दोघातिघांनी वेगवेगळे अर्ज केले तर आणखी बरं. आणि ते जे साहेब रिटायर झालेत त्यांच्याकडे रिपोर्टर स्वतःहून जाऊ शकतो, तुमच्या वेळी पाहणीचं काय ठरलं होतं हो, असं सहज विचारायला. ते कदाचित नावानिशीसुद्धा बोलतील. फक्त 'मी पान बघितलंय' हे तिथे तोंडातून निघता कामा नये.

मांडवीपलीकडे
हे पटलं, तिलापण पटेल. देव बरे करू सगळ्यांना. आता शेवटचं, रिपोर्टर कोणता निवडायचा? ओळखीचे चारपाच आहेत.

पेडण्याची_पोर
त्यांच्या जुन्या बातम्या काढून वाच, सूत्रांवर केलेल्या. त्यातलं एखादं सूत्र कोण होतं हे तुला अजून माहीत नसेल तर तो माणूस चालेल. आणि जो पहिल्याच भेटीत फुशारकी मारतो की मागच्या वेळचं ते प्रकरण मला अमक्याने दिलं होतं, त्याला चहा पाजून निरोप दे, उद्या ताईंचं नाव असंच दुसऱ्या कोणाच्या चहावर जाईल.

मांडवीपलीकडे
मग चारपाचातले दोघं इथेच कटाप. एकाने तर मला अंत्ययात्रेत सांगितलं होतं.

तिंटोवाला
कोण रे तो? इनबॉक्स कर 😄

मांडवीपलीकडे
नाय.